पहारेकरी म्हणून आला, पाणक्या म्हणून राबला : व्होल्टच्या बॅटरीतल्या सिरॅमिक लेपाचं प्रकरण

जानेवारी २००९ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात जनरल मोटर्सने जाहीर केलं, की शेवरले व्होल्ट या चार्जिंगच्या गाडीच्या बॅटरीतले सेल दक्षिण कोरियाची एलजी केम पुरवणार. शेवटपर्यंत टिकलेली दुसरी उमेदवार होती अमेरिकेतली ए१२३ सिस्टीम्स. तिचे सेल लोह-फॉस्फेटचे, म्हणजे तापण्याच्या बाबतीत मुळातच सोशीक. एलजीचा कॅथोड मँगनीज स्पिनेलवर बेतलेला. डिसेंबर २०१० मध्ये गाडी ग्राहकांच्या दारात पोहोचली तेव्हा तिच्या पोटात टी अक्षराच्या आकाराचा १६ किलोवॅट-तासांचा पॅक होता आणि त्यात २८८ चपटे पाऊच सेल होते. प्रत्येक सेल साधारण पाच बाय सात इंचाचा, लहानशा वहीएवढा. त्यावर वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची. लॅपटॉपची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकायची, त्या काळातली ही गोष्ट आहे.

एलजी केम आपल्या सेलबद्दल बोलताना एक नाव हटकून घ्यायची: एसआरएस, म्हणजे सेफ्टी रीइन्फोर्स्ड सेपरेटर. कॅथोड आणि अ‍ॅनोड (धन आणि ऋण इलेक्ट्रोड) यांच्यामध्ये जो प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो, त्यावर सिरॅमिक पावडरचा पातळ लेप दिलेला. कंपनीने हे तंत्र २००४ च्या सुमारास विकसित केलं. नावातच ‘सेफ्टी’ असल्यामुळे सगळ्यांच्या नजरा सुरक्षेवर खिळल्या, आणि त्यात गैर काही नाही. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. या लेपाला कामावर ठेवलं ते पहारेकरी म्हणून. पहारेकऱ्याची खरी गरज लाखांतल्या एखाद्या सेलला, तीही आयुष्यात एखाद्या वेळीच पडते. उरलेल्या सगळ्या सेलमध्ये हा लेप पाणक्याचं काम करतो: इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा द्रव, कानाकोपऱ्यात नेऊन पोहोचवायचा. कारखान्याच्या हिशेबात त्याची किंमत वसूल होते ती बऱ्याच अंशी या दुसऱ्या कामातून.

आधी पहारेकऱ्याचं काम आटोपून घेऊ. साधा सेपरेटर म्हणजे पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकचा भाऊबंद. ताणून ताणून त्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं पाडलेली असतात. जाडी त्या काळी १६ ते २५ मायक्रोमीटर. पॉलिएथिलीन १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, छिद्रं बुजतात आणि प्रवाह थांबतो. ही सोय उत्तमच. पण ताणून बनवलेला पडदा तापला की चुलीजवळ धरलेल्या पिशवीसारखा आक्रसतो, कडा उघड्या पडतात आणि दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात. अ‍ॅल्युमिना ही लेपातली सिरॅमिक पावडर वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं, त्यामुळे त्याचा थर पडद्याला आक्रसू देत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये सोनीच्या सेलमुळे डेलने ४१ लाख आणि अ‍ॅपलने १८ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. सेल बंद करताना आत पडलेले धातूचे बारीक कण हे त्याचं कारण होतं. त्यानंतर सिरॅमिकच्या थराची महती कुणाला पटवून द्यावी लागली नाही. (२०११ मध्ये अमेरिकी सरकारी चाचणीत आपटून पाहिलेल्या एका व्होल्टने तीन आठवड्यांनी पेट घेतला, ते प्रकरण निराळं. धडकेत पॅकला मार बसून शीतकद्रव गळाला होता. सेपरेटरकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता.)

थेंब कुठे बसतो, कुठे पसरतो

लेप नसलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या पांढऱ्या पडद्यावर डायएथिल कार्बोनेट या इलेक्ट्रोलाइटमधल्या पातळ द्रवाचा एक थेंब टाकून बघा. थेंब टेकताक्षणी पसरतो आणि तेवढा भाग तेलकट कागदासारखा पारदर्शक होतो. छिद्रांतली हवा गेली, द्रव आला. आता शेजारी प्रॉपिलीन कार्बोनेटचा थेंब टाका. तो अळवावरच्या पाण्यासारखा गोल बसून राहतो. पडदा पांढराच.

कारण पृष्ठताणात आहे. पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनवर द्रव आपणहून पसरायचा, तर त्याचा पृष्ठताण साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या खाली हवा. डायएथिल कार्बोनेट २६ च्या आसपास, डायमिथाइल कार्बोनेट २९ च्या आसपास, प्रॉपिलीन कार्बोनेट ४१ च्या पुढे. एथिलीन कार्बोनेट तर पन्नाशी ओलांडतं, शिवाय ३६ अंशांखाली ते घनच असतं. मग ते घालताच कशाला? कारण ग्रॅफाइटवर टिकाऊ संरक्षक थर, ज्याला सगळे एसईआय म्हणतात, तो बसवायला तेच लागतं. कुरकुर करणारा आचारी, पण त्याच्याशिवाय पंगत उठत नाही. म्हणून प्रत्यक्षात एथिलीन कार्बोनेटमध्ये पातळ कार्बोनेटं मिसळतात आणि त्यात लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हे मीठ साधारण १ मोलर प्रमाणात विरघळवतात. मिठाने द्रव आणखी दाट होतो. हे मिश्रण साध्या पडद्यावर अगदी गोळी होऊन बसत नाही, पण अंग चोरून पसरतं.

अ‍ॅल्युमिनाची गोष्ट उलटी. त्याच्या कणांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात, ध्रुवीय द्रवाशी त्यांचं लगेच जमतं. कण धरून ठेवणारा बाइंडर बहुधा पीव्हीडीएफ या फ्लुओरिनयुक्त प्लास्टिकच्या कुळातला. तोही ध्रुवीय आणि कार्बोनेटमध्ये थोडा फुगणारा. शिवाय थर खडबडीत. द्रवाला जो पृष्ठभाग आवडतो तो खडबडीत असला तर जास्तच आवडतो. शेणाने सारवलेल्या अंगणात पाण्याचा शिंतोडा उडाला की तो जसा जिरतो, तसा इथे थेंब जिरतो.

पण थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्याचे फोटो बघून भाळायचं नाही. कोटिंग विकायला येणारा प्रत्येकजण दोन फोटो दाखवतो: डावीकडे ५० अंशांचा फुगीर थेंब, उजवीकडे १० अंशांचा चपटा. फरक डोळ्यांत भरतो. आता वॉशबर्नच्या समीकरणात घालून बघा. छिद्रांतून द्रव किती वेळात किती दूर जाईल, हे ते समीकरण सांगतं. अंतराचा वर्ग हा पृष्ठताण, छिद्राची त्रिज्या, कोनाचा कोसाइन आणि वेळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, आणि दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात. ५० अंशांचा कोसाइन ०.६४, १० अंशांचा ०.९८. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवलं, तर वेळ फक्त एक तृतीयांशाने वाचला. फोटोने जो भास करून दिला होता, त्याच्या मानाने हे काहीच नाही. सुरुवातीचा कोन ८० असता तर कोसाइन ०.१७, आणि वेळ जवळपास सहा पटींनी कमी. म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये पातळ कार्बोनेटं भरपूर असतील, तर कोनाचा फायदा मर्यादित. द्रव दाट आणि ध्रुवीय असेल, तर तो मोठा.

समीकरणातली त्रिज्या मात्र सहसा कोणी दाखवत नाही. पॉलिएथिलीनच्या पडद्यातली छिद्रं सामान्यतः मायक्रोमीटरच्या काही शतांश भागांपासून एक दशांशापर्यंत. अर्ध्या मायक्रोमीटरच्या सिरॅमिक कणांच्या ढिगातल्या फटी त्याहून काही पटींनी मोठ्या. माझ्या मते लेपाच्या यशात कोनाइतकाच, काही वेळा कोनाहून जास्त, हात या फटींचा आहे.

वहीच्या मधोमध

आता व्होल्टच्या सेलकडे परत येऊ. लॅपटॉपमधला १८६५० सेल ६५ मिलिमीटर उंच. आतल्या गुंडाळीला द्रव वरून आणि खालून भेटतो, म्हणजे सर्वात दूरचा बिंदू जेमतेम ३० मिलिमीटरवर. व्होल्टचा सेल पाच इंच रुंद. चारही कडांनी द्रव आत शिरला, तरी मधल्या पट्ट्यापर्यंत ६० मिलिमीटरहून थोडं जास्त जावं लागतं. अंतर दुप्पट, वेळ चौपट. सेल मोठा केला की भिजवण्याचा वेळ मोठ्या सावकाराच्या व्याजासारखा वाढतो.

त्यात एलजीची त्या वेळची जोडणी. इलेक्ट्रोड आणि सेपरेटरचे छोटे गठ्ठे आधी चिकटवून घ्यायचे, मग ते लांब सेपरेटरवर ओळीने मांडून घडी घालत न्यायची. साडीच्या निऱ्या घातल्यासारखं. लेपातला बाइंडर इथे गोंदाचंही काम करतो. इलेक्ट्रोड आणि पडदा एकमेकांना बिलगतात, सेल ताठ राहतो, थर सरकत नाहीत. पण बिलगले की त्यांच्यामधली फट गेली, आणि द्रवाला पुढे सरकायला सगळ्यात सोपी वाट तीच होती. आता त्याला जायचं ते सच्छिद्र थरांतूनच. म्हणजे ज्या लेपाने फट बुजवली, त्यालाच स्वतःच्या अंगातून वाट द्यावी लागते.

ती तो कशी देतो, हे समजायला आडवा आणि उभा प्रवास वेगळा धरायला हवा. आडवं जायचं ६० मिलिमीटर. पडद्याच्या जाडीतून उभं जायचं समजा १६ मायक्रोमीटर. अंतरांचं गुणोत्तर पावणेचार हजार, वेळेचं त्याच्या वर्गाएवढं, म्हणजे कोटीच्या घरात. द्रव लेपाच्या रुंद फटींतून आडवा धावतो आणि जाता जाता खालच्या प्लास्टिकच्या बारीक छिद्रांत, वरच्या इलेक्ट्रोडमध्ये झिरपत राहतो. कालव्याचं पाणी पाटात आणि पाटातून वाफ्यात, तसं. वाफा हळू पितो, पण वाफा चार हातांचाच असतो. पाट मात्र शेवटच्या शेतापर्यंत जायला हवा.

अर्थात सगळं श्रेय लेपाला देणं खोटं ठरेल. इलेक्ट्रोड स्वतःही द्रव शोषतात, आणि अनेकदा घट्ट दाबलेला ग्रॅफाइट अ‍ॅनोडच सगळ्यात मागे राहतो. शिवाय चारही बाजूंनी द्रव आत आला की हवा मध्ये कोंडते. म्हणून सेल आधी निर्वात करून मग द्रव सोडतात, दाब कमी-जास्त करतात, आणि नंतर सेल तासन्‌तास, कधी थोडा गरम ठेवून, नुसता भिजत ठेवतात. असं भिजत पडून राहिलेल्या सेलमध्ये कारखान्याचं भांडवल अडकलेलं असतं.

कोरडा डाग

घाई केली तर काय होतं? समजा सेलचा १० टक्के भाग कोरडा राहिला. तेवढी क्षमता कामाला लागली नाही, हे तर झालंच. उरलेल्या ९० टक्क्यांवर विद्युतप्रवाहाची घनता ११ टक्क्यांनी वाढली, म्हणजे ती जागा जास्त वेगाने झिजणार. पण खरा उपद्रव डागाच्या काठावर. अ‍ॅनोडचा एक तुकडा कोरडा आणि समोरचा कॅथोड मात्र भिजलेला असेल, तर त्या कॅथोडमधून निघालेलं लिथियम शेजारच्या भिजलेल्या ग्रॅफाइटवर गर्दी करतं. ग्रॅफाइटला सामावून घेता येत नाही एवढं आलं, की ते धातू होऊन वर साचतं. असा सेल उघडला की करड्या-सोनेरी अ‍ॅनोडवर रुपेरी रांगोळीसारखी कड दिसते.

दुसरा परिणाम उशिरा कळतो. पहिल्या चार्जिंगच्या वेळी, म्हणजे फॉर्मेशनमध्ये, कोरड्या डागावर एसईआय बनतच नाही. काही आठवड्यांनी द्रव तिथे पोहोचतो आणि मग तो थर उशिरा, अवेळी, नियंत्रणाबाहेर बनतो आणि त्यात आणखी लिथियम खर्ची पडतं. कारखान्यातून पास होऊन गेलेला सेल ग्राहकाकडे जाऊन उतरू लागतो. एका पॅकमध्ये ९६ गट एकापुढे एक जोडलेले असले की सगळ्यात दुबळ्या गटाच्या चालीनेच सगळ्यांना चालावं लागतं. व्होल्टने १६ पैकी साधारण १०.४ किलोवॅट-तासच वापरायला खुले ठेवले होते. अशा मोठ्या राखीव गंगाजळीमुळे बरीच पापं झाकली जातात, पण २८८ सेल एकसारखे भिजलेले असणं हे त्याहून स्वस्त पडतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल फार गोंधळ दिसतो. सेल एकदा पूर्ण भिजला, की लेप आयनांना वेगाने नेत नाही. उलट तो जास्तीचा रस्ता आहे. अंदाज घेऊ. ९ मायक्रोमीटरचा पडदा, ४० टक्के सच्छिद्र, इलेक्ट्रोलाइटची वाहकता सेंटीमीटरला १० मिलिसीमेन्स. साध्या सूत्राने पडद्याचा रोध ०.३६ ओहम-चौरस सेंटीमीटर येतो. त्यावर ३ मायक्रोमीटरचा ५० टक्के सच्छिद्र लेप दिला तर आणखी ०.०८ ते ०.०९. म्हणजे पडद्याच्या रोधात जवळपास पाव हिश्शाची भर, साधारण २४ टक्के. संपूर्ण सेलच्या रोधात ती जेमतेम दिसते, पण ती भर आहे, बचत नाही. ‘लेप दिल्याने जलद चार्जिंग सुधारलं’ असं जिथे दिसतं, तिथे बहुतेक वेळा तुलनेतला लेप नसलेला सेल नीट भिजलेलाच नसतो, असं मला वाटतं. त्याला आणखी दोन दिवस भिजत ठेवा आणि मग शर्यत लावा.

ओलाव्याचा दुसरा अर्थ

ज्या हायड्रॉक्सिल गटांमुळे इलेक्ट्रोलाइट लेपावर पसरतो, त्यांनाच हवेतलं पाणीही आवडतं. पाहुण्यांसाठी दार उघडं ठेवलं की मांजरही आत येतं. पाणी इलेक्ट्रोलाइटमधल्या मिठाशी भिडलं की हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतं, आणि मँगनीज स्पिनेलला त्याचं वावडं आहे. आम्लाने मँगनीज विरघळतं, तरंगत अ‍ॅनोडपर्यंत जातं आणि तिथल्या एसईआयची वाट लावतं. म्हणजे व्होल्टच्या रसायनासाठी लेपातलं पाणी हा किरकोळ मुद्दा नव्हता.

मग पडदा तापवून वाळवावा? तिथे अडचण आहे. अ‍ॅल्युमिनाला दीडशे-दोनशे अंशांतही काही होत नाही, पण ते ज्या पॉलिएथिलीनवर बसलं आहे ते त्याच्या कितीतरी आधी आक्रसू लागतं. त्यामुळे कमी तापमानाला, निर्वातात, धीर धरून वाळवायचं, आणि मग ज्या खोलीत दवबिंदू उणे ४० अंशांच्या खाली ठेवला आहे तिथेच रोल उघडायचा. अ‍ॅल्युमिना थोडंफार हायड्रोजन फ्लुओराइड स्वतः गिळतं हे खरं, पण त्या भरवशावर ओला रोल वापरू नये.

या लेपाची किंमत बाजाराला किती वाटते, हे कोर्टाच्या पायऱ्यांवरून कळतं. एलजी केमने २०११ मध्ये कोरियात एसके इनोव्हेशन या प्रतिस्पर्धी कंपनीवर सेपरेटरच्या पेटंटवरून दावा लावला, तो २०१४ मध्ये मिटला. २०१७ मध्ये चीनच्या एटीएल या बॅटरी कंपनीविरुद्ध अमेरिकेत तक्रार केली, तीही २०१९ मध्ये तडजोडीने संपली. त्याच वर्षी एसकेशी पुन्हा जुंपली. त्या एसआरएस पेटंटच्या भांडणात मार्च २०२१ मधला प्राथमिक निर्णय एलजीच्या विरोधात गेला. पुढच्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांनी सगळी भांडणं एकत्र मिटवली, त्यात २ लाख कोटी वॉनची रक्कम ठरली होती. ती मुख्यतः व्यापारी गुपितांच्या दाव्यापोटी. पण सुरुवात बघा कशावरून झाली होती: काही मायक्रोमीटरच्या पांढऱ्या थरावरून.

आणि तरीही हा थर सर्वज्ञ नाही. २०२१ मध्ये जनरल मोटर्सने शेवरले बोल्टच्या (व्होल्ट नव्हे, ही नंतरची निव्वळ विजेवरची गाडी) एलजी सेलमध्ये आगीचं कारण शोधलं, तेव्हा दोन दोष एकाच सेलमध्ये आल्याचं सांगितलं: अ‍ॅनोडची फाटलेली टॅब आणि दुमडलेला सेपरेटर. जवळपास १ लाख ४२ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. पडदा जागेवर सरळ बसलेला नसेल, तर त्यावरचा कुठलाही लेप ती घडी उलगडून देत नाही. पहाऱ्याचीही हद्द असते.

व्होल्टनंतर पडदे पातळ होत गेले, लेप मात्र त्या प्रमाणात पातळ झाला नाही. त्याचा वजनाचा हिशेब गमतीदार आहे. ९ मायक्रोमीटरचा, ४० टक्के सच्छिद्र पॉलिएथिलीनचा पडदा चौरस मीटरला सुमारे ५.१ ग्रॅम भरतो. त्यावरचा ३ मायक्रोमीटरचा अ‍ॅल्युमिना लेप, अर्धा पोकळ धरला तरी, ५.९ ग्रॅम. पडद्यापेक्षा लेपच जड. एका चौरस सेंटीमीटरला २ ते ३ मिलिअँपिअर-तास धरले, तर व्होल्टसारख्या पॅकमध्ये दीडशे-दोनशे चौरस मीटर सेपरेटर लागतो, दोन-तीन टू-बीएचके फ्लॅटची फरशी झाकेल एवढा. त्यावर किलोभर लेप. म्हणून अलीकडे अनेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनाऐवजी बोहमाइट हे त्याच्याच नात्यातलं खनिज वापरतात. त्याची घनता ३ च्या आसपास, म्हणजे तोच लेप ४.६ ग्रॅममध्ये होतो, आणि पाणीही तो कमी धरतो. अ‍ॅल्युमिनाचा कठीणपणा मोसच्या मापावर ९, हिऱ्याच्या खालोखाल. बोहमाइटचा साडेतीनच्या आत. सेपरेटरचे रुंद रोल उभे कापणाऱ्या यंत्रावर जो माणूस बसतो, त्याला विचारलंत तर तो घनता आणि ओलावा बाजूला ठेवून आधी हेच सांगेल, की आता पाती जास्त दिवस टिकतात.